खाडीवरचं संग्रहालय

(दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, पाण्यात शिरलेला लांबलचक धक्का)

हा १५ क्रमांकाचा धक्का. इथे पूर्वी जहाजांचा माल उतरायचा. एप्रिल २०१३ पासून इथे ‘एक्सप्लोरेटोरियम’ आहे, भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं विज्ञान संग्रहालय. इथे सगळं हाताळून पाहायचं. प्रयोगांची शेकडो उपकरणं. त्यांतली बरीचशी इथल्याच कार्यशाळेत घडतात, बदलतात, जागा सोडून दुसरीकडे जातात.

इमारतीचं तापमान सांभाळणाऱ्या अभियंत्यांपुढे हाच पेच होता. छतातून एसीचे डक्ट टाकले, तर मांडणी बदलली की हवेच्या वाटा चुकतात. शिवाय उंच छपराखालची सगळी हवा गार करत बसायची, आणि माणसं वावरतात तळाच्या सहा फुटांत!

(दृश्य: फरशीवरून सरकवलं जाणारं उपकरण)

म्हणून इथे तापमानाची जबाबदारी जमिनीवर टाकली. काँक्रीटमध्ये प्लास्टिकच्या नळ्यांचं जाळं पुरलंय आणि त्यातून गरजेप्रमाणे गार किंवा कोमट पाणी फिरतं. श्वासासाठी लागणारी ताजी हवा वेगळ्या यंत्रणेतून बाहेरून येते. तेवढीच हवा ढकलायची असल्यामुळे पंख्यांना वीज कमी लागते. वर काहीही कुठेही हलवा, जमीन तिचं काम करत राहते. या सगळ्या रचनेत मला हाच निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. त्याची किंमतही आहे. अशा जमिनीत हवं तिथे भोक पाडता येत नाही, आणि काँक्रीट सावकाश तापतं, सावकाश निवतं. शाळेची सहल अचानक आत शिरली म्हणून ते लगेच गार होत नाही.

(दृश्य: यंत्रखोली, जाड पाइप)

आता या पाण्याला उष्णता मिळते कुठून? धक्क्याखालच्या खाडीतून. तिचं पाणी वर्षभर साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस असतं. इमारतीला नको असलेली उष्णता त्यात सोडायची, आणि थंडीत हीट पंपाने, म्हणजे गार पाण्यातूनही उष्णता उपसणाऱ्या यंत्राने, त्यातूनच ओढून घ्यायची. खारं पाणी जमिनीतल्या नळ्यांत मात्र जात नाही. टायटॅनियमच्या पातळ पत्र्याच्या एका बाजूने खाडीचं पाणी वाहतं, दुसऱ्या बाजूने इमारतीचं. उष्णता तेवढी पलीकडे जाते. टायटॅनियम महाग खरं, पण खाऱ्या पाण्यात ते टिकतं.

मुंबईच्या बंदरात हे जसंच्या तसं चालणार नाही. आपलं समुद्राचं पाणी कोमट आणि हवा दमट. फरशी फार गार केली, तर तिच्यावर पाणी धरेल.

(दृश्य: छपरावरचे सौर पॅनेल)

छपरावर १.३ मेगावॉट क्षमतेचे सौर पॅनेल आहेत. वर्षभरात जेवढी वीज वापरायची तेवढी इथेच तयार करायची, हे संग्रहालयाचं उद्दिष्ट. इमारतीची भूक अशी कमी केली, की हिशेबात ठळकपणे उरतात ती उपकरणंच: त्यांच्या मोटारी, दिवे, पडदे. ती वीज वाचवायची तर उपकरण कागदावर असतानाच, कार्यशाळेत विचार करावा लागतो.