आपला बेडूक, अंदमानवरचं संकट

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एक बातमी आपण दरवर्षी कान देऊन ऐकतो : ‘मान्सून अंदमानात दाखल.’ ऐकली की घरातली माणसं कौलं शाकारायच्या, बियाणं काढायच्या मागे लागतात. आज मला त्या बातमीतल्या अंदमानबद्दलच बोलायचं आहे. तो पहिला पाऊस पडला की तिथल्या डबक्यांमध्ये काय घडतं, त्याबद्दल.

त्यासाठी आधी आपल्या खाचरावर या. पहिला जोराचा पाऊस होऊन गेलाय, बांधावर विजेरी मारली की पाण्यात हळदीसारखे पिवळेधमक बेडूक दिसतात. हाच इंडियन बुलफ्रॉग. एरवी मातकट-हिरवा असणारा नर या काही रात्रींपुरता पिवळा होतो. ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्याशार पिशव्या फुगतात. सगळा आवाज त्या पिशव्यांतून घुमतो. मी एकदा त्याला खेकड्याचं पिल्लू गिळताना जवळून पाहिलं. प्रत्येक घोटाला त्याचे डोळे मिटून आत जात होते. बेडकाला घास चावता येत नाही, म्हणून तो बुबुळं आत दाबून घास घशाखाली ढकलतो. किडे, गोगलगायी, उंदराची पिल्लं, सरडे, लहान साप, दुसरे बेडूक, तोंडात मावेल ते तो खातो. वीतभर वाढणाऱ्या या बेडकाच्या तोंडात बरंच काही मावतं.

इथे याने काही बिघडत नाही. कारण इथे त्याला खाणारे आहेत. बगळे आहेत, धामण आहे, घोरपड आहे. आपले बाकीचे बेडूकही हजारो वर्षं त्याच्या शेजारी राहून सावध झालेत. उलट इथे त्यालाच जपायला हवं. त्याच्या तंगड्यांची परदेशात इतकी निर्यात व्हायची की 1987 मध्ये सरकारला ती बंद करावी लागली. गोव्यात पावसाळ्यात अजूनही ‘जंपिंग चिकन’ म्हणून चोरून त्याची शिकार होते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

हाच बेडूक समुद्रापलीकडे अंदमानात पोचला, तो या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत. पोहत नाही गेला. तळ्यात सोडायला मुख्य भूमीवरून मत्स्यबीज मागवलं जातं, त्या पाण्यातून त्याचे बेडूकमासे गेले. काही ठिकाणी लोकांनी मुद्दाम आणून सोडला, असंही आढळलं. नित्या मोहंती आणि जॉन मीझी या संशोधकांनी गावोगावच्या लोकांना ‘हा बेडूक तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलात?’ असं विचारत त्याच्या पसरण्याचा माग काढला. शेतकरी सांगत होते, तळ्यातले मासे जातात, कोंबडीची पिल्लंही जातात.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ते त्याचे बेडूकमासे. बेडूकमासा शेवाळ कुरतडतो, असं आपण शाळेत शिकतो. बुलफ्रॉगचा बेडूकमासा मांसाहारी असतो. त्याचे जबडे कठीण, धारदार. तो दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातो आणि ती संपली की आपल्याच भावंडांवर उलटतो. अंदमानात जे छोटे बेडूक आहेत, त्यातले काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यातला मायक्रोहायला चक्रपाणी तर अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्यासारख्यांना असा शत्रू कधी भेटलाच नव्हता. दोन स्थानिक जातींची पिल्लं बुलफ्रॉगच्या पिल्लांबरोबर टाक्यांमध्ये ठेवून संशोधकांनी पाहिलं. ते निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानिक पिल्लांपैकी एकही वाचलं नव्हतं.

म्हणजे पहिल्या पावसाने डबकं भरतं, दोघांचीही अंडी त्यात पडतात. बुलफ्रॉगची मादी हजारोंनी अंडी घालते. पुढचं सगळं त्या एवढ्याशा पाण्यात ठरतं. मोठे बेडूक वेचून हे आवरणार नाही. जिथे तो अजून गेलेला नाही, त्या बेटांवर तो जाऊच नये, एवढंच खरं माणसाच्या हातात उरलंय.

आणि ते पिशवी भरताना करायचं आहे. मत्स्यबीज विकणाऱ्या, विकत घेणाऱ्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो, पाणी आधी पांढऱ्या घमेल्यात ओता. उजेडात नेऊन बघा. बोटुकली, म्हणजे बोटभर माशाचं पिल्लू, असेल तर तिला बाजूचे पर दिसतील. गोल डोकं आणि मागे नुसती शेपटी दिसली, तर तो बेडूकमासा. आपल्याच शेततळ्यात सापडला तर त्याला इथेच राहू द्या, हे त्याचंच घर आहे. पण माल जहाजाने बेटांवर जाणार असेल, तर एकेक पिशवी अशी तपासल्याशिवाय तोंड बांधू नका.

नमस्कार.