बदल त्यांना दिसला होता

(पडद्यावर: काळ्या चौकटीत ओळीओळीने उमटत जाणारी एक खडबडीत कृष्णधवल प्रतिमा.)

अशी एक प्रतिमा कॅसेटवर उतरवायला 23 सेकंद लागत. वर्ष होतं 1975. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने सुटे भाग जुळवून एक यंत्र उभं केलं. वजन साडेतीन किलोंहून जास्त, चित्रात जेमतेम 10 हजार बिंदू. पण त्यात फिल्म नव्हती. फिल्म विकून मोठ्या झालेल्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत डिजिटल कॅमेरा जन्माला आला होता.

जानेवारी 2012 मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

या दोन तारखांमधली गोष्ट नेहमी फार सोपी करून सांगतात: कोडॅक झोपली होती, तिला बदल दिसलाच नाही. हे खरं नाही. कोडॅकने डिजिटल संशोधनात भरपूर पैसा घातला, महत्त्वाची पेटंट मिळवली. 2005 मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती पहिल्या क्रमांकावर होती. झोपलेल्या कंपनीला हे जमत नाही.

मग अडलं कुठे? नफ्यापाशी. कॅमेरा एकदाच विकला जातो, रोल मात्र पुन्हा पुन्हा. रोल घ्या, तो धुवायला टाका, फोटो कागदावर छापून घ्या. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोडॅकची फिल्म, कोडॅकची रसायनं, कोडॅकचा कागद. डिजिटल कॅमेरा हातात पडला की ही सगळी साखळीच तुटत होती, आणि त्या कॅमेऱ्यावर सुटणारा नफा अगदीच किरकोळ होता. म्हणजे नव्या धंद्यात जिंकूनही कंपनी आतून रिकामीच होत होती. पुढे फोनमध्ये कॅमेरा आला आणि तो नवा धंदाही आटला.

(पडद्यावर: जपानमधली फिल्म बनवणारी यंत्रं. अंधारी खोली, फिरणारे रूळ.)

हेच वादळ कोडॅकची जपानी प्रतिस्पर्धी फुजीफिल्म हिच्यावरही आलं. 2000 साली शिगेताका कोमोरी कंपनीचे अध्यक्ष झाले. रंगीत फिल्मची जगातली मागणी त्याच सुमारास शिखरावर होती. पुढच्या दहा वर्षांत ती दहाव्या हिश्शाच्याही खाली आली. धंद्याचा कणाच मोडत होता.

फुजीने काय केलं, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कोमोरींनी आपल्या संशोधकांना विचारलं: आपल्याला नेमकं येतं काय? फिल्म विकता येते, हे उत्तर पुरेसं नव्हतं. केसाहून बारीक जाडीत एकावर एक अनेक थर अचूक चढवणं त्यांना येत होतं. फिल्मच्या थरांत जिलेटीन असतं, म्हणजे मुळात कोलॅजन हे प्रथिन; त्याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. हवेमुळे फोटोचा रंग उडतो तो कसा रोखायचा, हेही त्यांना ठाऊक होतं. यातून टीव्ही आणि संगणकाच्या एलसीडी पडद्यांना लागणारी पातळ फिल्म मोठ्या प्रमाणावर आली. पुढे त्वचेची प्रसाधनं आली, कारण त्वचेतही कोलॅजन असतं आणि तीही हवा-उन्हाने खराब होते. 2008 मध्ये तोयामा केमिकल ही औषध कंपनी फुजीने आपल्याकडे घेतली.

याची किंमतही मोठी होती. 2006 मध्ये फोटो विभागातल्या सुमारे 5000 नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. रूपांतर हा शब्द कानाला गोड लागतो, पण त्यात कुणाचं तरी आयुष्यभराचं कसब बिनकामाचं ठरतं. व्यूहरचनेच्या चर्चेत ही माणसं फार लवकर पुसली जातात, याचं मला वाईट वाटतं.

आणि एक तपशील. कोडॅकनेही 1988 मध्ये स्टर्लिंग ड्रग ही औषध कंपनी विकत घेतली होती. 1994 मध्ये कोडॅकने औषधांचा धंदा विकला आणि आपला रसायन विभागही वेगळा केला, फोटोवर लक्ष एकवटता यावं म्हणून. त्या दिवशी हा निर्णय शहाणपणाचाच दिसला असेल. आपण एका वस्तूचा धंदा करतो की काही कसबांचा, या प्रश्नाचं दोघांनी दिलेलं उत्तर वेगळं होतं, आणि उरलेला सगळा फरक त्यातून आला.

(पडद्यावर: सिलिकॉनची चकती, जवळून.)

1985. इंटेल ही मेमरी चिपवर, म्हणजे संगणकात माहिती साठवणाऱ्या चिपवर, मोठी झालेली अमेरिकन कंपनी, आणि जपानी कंपन्या त्याच चिप चांगल्या आणि स्वस्त देत होत्या. कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं: आपल्याला काढून टाकलं आणि नवा प्रमुख आला, तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. त्यावर ग्रोव्ह: मग तेच आपण का करू नये? ग्रोव्ह यांनी स्वतः सांगितलेला हा प्रसंग.

मला मात्र त्याआधीचं काही जास्त मोलाचं वाटतं. कारखान्यात कुठली चिप किती बनवायची, हे एका साध्या नियमाने ठरत असे: सिलिकॉनच्या एका चकतीमागे ज्यात जास्त नफा, तिला आधी जागा. त्या नियमामुळे मधल्या फळीचे व्यवस्थापक मेमरीची जागा हळूहळू मायक्रोप्रोसेसरला, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपला, देत गेले. वरच्या मजल्यावर निर्णय झाला तेव्हा कारखान्याने तो बराचसा अमलात आणलेला होता. तरी 1986 मध्ये कंपनीला 17 कोटी डॉलरहून जास्त तोटा झालाच.

म्हणून एखाद्या कंपनीची व्यूहरचना बघायची असेल तर वार्षिक सादरीकरणापेक्षा पैसा, यंत्रं आणि चांगली माणसं कोणत्या नियमाने वाटली जातात ते बघावं. झारा ही स्पेनची कंपनी कपड्यांच्या बाजारात याच बाबतीत वेगळी आहे. मालाचा मोठा भाग स्पेन आणि आसपासच्या देशांत बनतो, दुकानांत आठवड्यातून दोनदा नवा माल जातो. शिवणावळ जास्त पडते, पण काय खपेल याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी बांधावा लागत नाही.

(पडद्यावर: 2007 मधला पहिला आयफोन.)

पण चांगला नियमही म्हातारा होतो. पॉल ओटेलिनी 2013 मध्ये इंटेलचं प्रमुखपद सोडत होते, तेव्हा त्यांनी सांगितलं की पहिल्या आयफोनसाठी चिप देण्याची संधी इंटेलकडे आली होती. ॲपल जी किंमत देऊ करत होती, ती इंटेलने धरलेल्या उत्पादनखर्चाच्या खाली होती. नफ्याचा हिशोब बसेना, म्हणून ते काम सोडलं. पुढे कळलं की खर्चाचा अंदाजच चुकला होता, आणि खप कुणी धरला होता त्याच्या शंभरपट झाला. 1980 च्या दशकात जी शिस्त कंपनीला वाचवून गेली, तिनेच या वेळी दार लावलं. नियम पाळणारे पुष्कळ होते. तो आज कशासाठी आहे हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. आयफोन आर्म या दुसऱ्या कंपनीच्या रचनेवर बनलेल्या प्रोसेसरवर निघाला, आणि पुढे जवळजवळ सगळेच स्मार्टफोन त्याच वाटेने गेले. इंटेलने नंतर वर्षानुवर्षं पाठलाग केला, आणि 2016 मध्ये फोनसाठीच्या आपल्या नव्या प्रोसेसरचं काम थांबवलं.