चुकीच्या कप्प्यातली रेकॉर्ड

श्रोतेहो, नमस्कार.

रेकॉर्डच्या दुकानातला माणूस आलेली प्रत्येक रेकॉर्ड काही ऐकत बसत नाही. वेष्टणावरचं नाव वाचायचं, त्या कप्प्यात सरकवायची, काम झालं. रिओ द जानेरोतल्या एका दुकानात असंच झालं. रेकॉर्डचं नाव होतं ‘एस्तुदांदो ओ सांबा’, म्हणजे ‘सांबाचा अभ्यास’. सांबा हे ब्राझीलचं नाचाचं संगीत. सांबा हा शब्द दिसला आणि ती गेली सांबाच्या कप्प्यात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड बर्न हा गायक तो कप्पा चाळत होता. हा न्यूयॉर्कच्या ‘टॉकिंग हेड्स’ बँडचा. त्याच्या हाती हे वेष्टण आलं. त्यावर काटेरी तार! सांबाच्या गाण्यांना काटेरी तारेचं कुंपण कशाला? त्यानं ती रेकॉर्ड घेतली.

रेकॉर्ड १९७६ची, टॉम झे यांची. झे हे जोझे या नावाचं घरगुती रूप; आपल्याकडे दत्तात्रयाचा दत्तू होतो ना, तसं. जन्म १९३६चा, बाहिया राज्यातल्या इरारा या आडगावातला. पण माणूस गावठी समजू नका. बाहियाच्या विद्यापीठात ते रीतसर संगीत शिकले. तिथले त्यांचे एक गुरू, कोलरॉयटर, जर्मनीतून ब्राझीलला आलेले. पुढे काही वर्षं हे गुरू आपल्या दिल्लीत होते आणि तिथल्या संगीतशाळेच्या उभारणीतही त्यांचा हात होता. १९६८ साली टॉम झे यांच्या साओ पावलो शहरावरच्या गाण्यानं दूरचित्रवाणीवरचा मोठा गीतमहोत्सव जिंकला. त्याच साली कायतानो वेलोझो, झिलबेर्तो झिल अशा मित्रांबरोबर ते ‘त्रोपिकालिया’ या ब्राझीलच्या संगीत-कला चळवळीत होते. लष्करी राजवटीचा काळ. कायतानो आणि झिल तुरुंगात गेले, मग लंडनला. ते परतले आणि मोठे झाले. टॉम झे मायदेशीच राहिले, आणि हळूहळू दिसेनासे झाले.

का? कारण ते ऐकायला सोपे नव्हते. १९७०च्या दशकात त्यांनी स्वतःची वाद्यं बनवायला घेतली. लाकडी जमिनीला मेण लावून चकाकी आणायची विजेची यंत्रं तिकडे घरोघर असत. तीच यंत्रं जोडून त्यांनी वाद्य केलं. मोटारींच्या हॉर्नचंही एक केलं. रेकॉर्डी खपेनात. शेवटी गावी परतून एका नातेवाइकाच्या पेट्रोल पंपावर काम करायचं त्यांनी ठरवत आणलं होतं. नेमका तेव्हा बर्नचा निरोप आला.

बर्नच्या ‘लुआका बॉप’ कंपनीनं १९९० साली त्यांच्या निवडक गाण्यांची रेकॉर्ड अमेरिकेत काढली. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. ब्राझीलला आपल्या काखेतला कळसा न्यूयॉर्कमार्गे सापडला! यात थोडं खुपतंही. कुठल्या कलावंताला जग ऐकणार, हे एका श्रीमंत शहरातल्या पाहुण्याच्या फेरफटक्यावर ठरावं का? पण पेट्रोल पंपावरचं काम टळलं, हेही खरंच.

आता मला ज्यासाठी तुमच्याशी बोलायचं होतं ते. १९९८ साली टॉम झे यांची नवी रेकॉर्ड आली, ‘उत्पादनातील दोषासहित’ अशा अर्थाच्या नावाची. तिसऱ्या जगातली माणसं म्हणजे श्रीमंत देशांसाठी राबणारी यंत्रं, पण त्यांच्यात काही दोष राहून गेलेत: ती विचार करतात, नाचतात, स्वप्नं बघतात. अशी ती कल्पना. ती घेऊन १९९९मध्ये ते अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, आणि साथीला होता शिकागोचा ‘टॉर्टस’ हा इंडी बँड.

फ्युजन हा शब्द ऐकला की मी जरा सावध होतो. बरेचदा त्यात दोन पाहुणे एकमेकांना ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ म्हणत राहतात आणि जेवण निवून जातं. इथे तसं होण्याचं कारण नव्हतं. टॉर्टसमध्ये गायकच नाही. ड्रमवर दोघं बसतात, शिवाय व्हायब्राफोन, मरिंबा, ही पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवायची वाद्यं. एकानं चार सुरांचा तुकडा धरायचा, दुसऱ्यानं त्याच्या फटीत आपला तुकडा बसवायचा, आणि वीण घट्ट होत जायची. टॉम झे यांनी ‘सांबाच्या अभ्यासा’त हेच तर केलं होतं! छोटे छोटे तुकडे, घड्याळातल्या चाकांसारखे एकमेकांत अडकलेले. एक बाहियाच्या गावातून आणि विद्यापीठातून तिथे पोचला, दुसरे शिकागोच्या रॉक आणि जॅझमधून. बासष्ट वर्षांच्या माणसाला तरुणांची भाषा शिकावी लागली नाही. तरुणांना सांबा वाजवल्याचं नाटक करावं लागलं नाही.

भाषेचं म्हणाल तर शब्द पोर्तुगीज. आपल्याला ‘चावी’ हा शब्द दिला तो त्याच भाषेनं, तरी या गाण्यांचं कुलूप तिनं उघडेलच असं नाही. टॉम झे शब्दांशीही खेळतात, अक्षरं तोडतात, उलटी लावतात. पहिल्यांदा अर्थ सोडून द्या.

आता आपण ऐकू या ती काटेरी तारेची, १९७६ची रेकॉर्ड. आणि हो, स्वयंपाकघरात मिक्सर चालू असेल तर राहू द्या. टॉम झे यांची हरकत नसावी.