कोंबडीच्या अंगाला काय लागतं?

(दृश्य: डिचोलीकडचा खाणपट्टा, लाल धूळ, शेजारच्या वाडीत चरणाऱ्या गावठी कोंबड्या)

ही गोव्यातल्या डिचोलीची माती. इथनं सत्तरी, सांगे, केपेपर्यंत जा, पायाखाली लोहखनिजच, मध्ये मध्ये मँगनीजसुद्धा. आणि याच जमिनीवरच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या खाद्यात लोह आणि मँगनीज विकत आणून घालतात! हसू येतं ना? पण त्यात वेडेपणा काही नाही. मातीतलं लोह म्हणजे बहुतेक ऑक्साईड, आपल्या भाषेत गंज, तो कोंबडीच्या पोटात जवळपास विरघळतच नाही, आला तसा विष्ठेतनं बाहेर. त्यापेक्षा सल्फेटच्या रूपातलं लोह बरंच शोषलं जातं. म्हणजे खनिज पोटात जाणं वेगळं आणि अंगाला लागणं वेगळं, आजचा सगळा विषय हाच आहे.

(दृश्य: वजनकाटा, प्रीमिक्सची पिशवी)

आता लागतं तरी किती? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबडीच्या, गरजांचा तक्ता काढला, त्यात एक टन खाद्यामागे लोह ८० ग्रॅम, मँगनीज ६०, जस्त ४०, तांबं ८. आयोडीन ०.३५ ग्रॅम आणि सेलेनियम तर फक्त ०.१५ ग्रॅम, हजार किलोत! फावड्याने हे कसं मिसळणार, एका पक्ष्याला काहीच नाही आणि दुसऱ्याला विष. म्हणून आधी चुनखडीच्या पावडरीत वगैरे मिसळून प्रीमिक्स करतात आणि मग ते खाद्यात. आजचे खाद्यवाले या आकड्यांपेक्षा बरंच जास्त घालतात. पक्षी झपाट्याने वाढतो हे कारण खरं आहे, पण मला विचाराल तर थोडं भीतीपोटीही घालतात.

(दृश्य: पिल्लांची शेड, एक पिल्लू पाय ओढत चालतंय)

या पिल्लाचा पाय बघा. गुडघ्यासारखा दिसतो ना तो सांधा, हॉक म्हणतात त्याला, तो सुजतो, मागची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, जागेवरनं घसरते आणि पाय बाजूला वळतो. याला पेरोसिस म्हणतात. १९३६ साली कॉर्नेल विद्यापीठात विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी दाखवलं की मँगनीज कमी पडलं की हे होतं. कोलीन किंवा बायोटिन ही व्हिटॅमिनसारखी पोषकं कमी असली तरी होतं, त्यामुळे पाय वाकडा दिसला की लगेच मँगनीजवर खापर फोडू नका. पण खरी गंमत पुढे आहे, हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियम आणि फॉस्फरस भरमसाट घातलं की हाच आजार वाढतो, कारण ते मँगनीजला शोषूच देत नाहीत.

सेलेनियमची गोष्ट तर अजून उलटी. आधी ते जनावरांना मारणारं विष म्हणूनच माहीत होतं, १९५७ मध्ये कळलं की ते लागतंही. कमी पडलं की पिल्लांच्या छातीखाली कातडीत हिरवट निळं पाणी साचतं. आणि जास्त झालं तर अंड्यातली पिल्लं व्यंग घेऊन येतात. मधली फट अगदी अरुंद.

(दृश्य: अंडी, एक पातळ कवचाचं, बोट लावताच चिरतंय)

अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, त्यासाठी लोक शिंपल्यांचा चुरा घालतात, आपल्याकडे तिसऱ्यांची टरफलं काय कमी आहेत! पण ते कवच बनायला कोंबडीच्या पोटात वीसेक तास जातात, आणि त्यासाठी लागणारं बायकार्बोनेट बनवणारं एन्झाईम जस्तावर चालतं. कवचाखालच्या पापुद्र्याला तांबं लागतं, मँगनीजही लागतं. आता मे महिन्यात अंडी पातळ आली की दुकानदार मिनरल मिक्स्चरची बाटली पुढे करतो, पण उकाड्यात कोंबडी धापा टाकते, ज्यातनं ते बायकार्बोनेट बनतं तो रक्तातला कार्बन डायऑक्साईड उडून जातो, खातेही कमी, तिथे बाटली काय करणार? आधी सावली, वारा, गार पाणी बघा.

(दृश्य: परसातलं घर, शीत आणि कोंडा टाकणारी आजी)

घरच्या कोंबड्यांना आपण भाताचा कोंडा, खोबऱ्याची पेंड, उरलेलं शीत घालतो. कोंड्यात खनिजं आहेत हे बरोबर, पण त्यात फायटेट नावाचं धान्यातलं फॉस्फरसचं संयुगही भरपूर, ते जस्ताला धरून ठेवतं आणि कॅल्शियम जास्त असलं की अजूनच घट्ट धरतं. कारखान्यातल्या खाद्यात ते फायटेट फोडायला फायटेज नावाचं एन्झाईम घालतात. परसातल्या कोंबडीला ते मिळत नाही, पण ती किडे, गांडुळं टिपते, मासळीची डोकी-आतडी खाते, त्यात आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही असतं, तिचं बऱ्यापैकी भागतं. बाकी गावठी अंड्याचा बलक गडद म्हणजे त्यात लोह जास्त असं बाजारात सांगतात ते खरं नाही. रंग हिरव्या पाल्यातनं आणि मक्यातनं येतो. अंड्यातलं लोह खाद्य बदलून फारसं हलत नाही, आयोडीन आणि सेलेनियम मात्र चटकन वाढतं.

(दृश्य: जूनचा पाऊस, कोपऱ्यात तोंड उघडी पिशवी)

पावसाळ्यात अशी उघडी पिशवी ठेवू नका हो. सल्फेटं आणि कोलीन क्लोराईड हवेतली ओल ओढून घेतात, गोळे होतात आणि त्याच पिशवीत व्हिटॅमिनं असली तर लोह-तांबं मिळून त्यांचा फडशा पाडतात. लेबल तेच राहतं, आत व्हिटॅमिन नाही.

आणि जे शोषलं जात नाही ते कुठे जातं? खतात, आणि खत कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, झाडाच्या बुंध्याशी. मोठ्या पोल्ट्रीचं खत वर्षानुवर्षं एकाच जागी पडलं की मातीत तांबं आणि जस्त साठत जातं. माती तपासून सरकारकडनं मिळणाऱ्या सॉइल हेल्थ कार्डवर हे दोन्ही आकडे छापलेले असतात, खताची पुढची गाडी मागवण्याआधी ते कार्ड काढून बघा.