बार काढायचा, पण कुठे?

[पडद्यावर: सुकायला टांगलेली तंबाखूची पानं, अगदी जवळून]

दंड किती? शंभर पौंड तंबाखू. गुन्हा काय? पिण्याच्या बैठकीत बंदुकीचा बार काढला.

1655-56 सालचा हा व्हर्जिनियातला कायदा. अमेरिका नावाचा देश तेव्हा जन्मायचा होता, व्हर्जिनिया इंग्लंडची वसाहत होती. नाण्यांची टंचाई, म्हणून कितीतरी देणी तंबाखूतच चुकती व्हायची, आणि दंडही. पण हा कायदा करणाऱ्यांना गोळी कुणाला लागेल याची फारशी चिंता नव्हती. चिंता होती आवाजाची. मळे एकमेकांपासून लांब लांब. हल्ला झाला तर बंदुकीचा बार हाच शेजाऱ्यांना इशारा. मग दर बैठकीला कुणी झिंगून बार काढायला लागलं, तर खऱ्या संकटात धावून येणार कोण? शिवाय दारूगोळा वाया जातो तो वेगळाच. हल्ला करणारे म्हणजे तिथले मूळ रहिवासी. ज्यांच्या जमिनीवर हे मळे उभे राहिले, त्यांनाच कायदा शत्रू म्हणतो. जुने कायदे वाचताना हेही वाचावं लागतं.

याच कायद्यात दोन प्रसंगांना सूट आहे : लग्न आणि अंत्यविधी. लग्नात खुशाल बार काढा! भारतात नेमकं उलटं झालं. आपल्या शस्त्र कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तीत आनंदाच्या भरात होणाऱ्या गोळीबाराची व्याख्या करताना लग्नसमारंभाचा उल्लेख नाव घेऊन केला आहे. बेदरकारपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

[पडद्यावर: बॉस्टनचा जुना नकाशा, मुख्य भूमीला जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी]

आता बॉस्टन. त्या काळी हे गाव जवळजवळ बेटच. मुख्य भूमीशी जोडणारी एवढीच पट्टी, तिचं नाव बॉस्टन नेक. आजूबाजूला दलदल, दलदलीत पक्षी, आणि पक्ष्यांमागे शिकारी. गावात यायचा रस्ताही तोच. बार झाला की घोडे बिथरायचे आणि स्वार खाली. 1713 साली या रस्त्याजवळ बंदूक उडवायला मनाई झाली, आणि कायद्यात कारण दिलंय ते या बुजणाऱ्या घोड्यांचंच.

1746 चा कायदा त्याच्या पुढचा. बॉस्टन गावात छर्रे किंवा गोळी भरलेली बंदूक उडवायची नाही, उडवली तर 40 शिलिंग दंड. इथे कारण स्पष्ट आहे : लोक मेले, जायबंदी झाले. 1783 मध्ये तर भरलेलं शस्त्र घरात, तबेल्यात किंवा दुकानात ठेवायलाही बंदी आली. तीही आग विझवणाऱ्यांसाठी. जळत्या घरात पाण्याची बादली घेऊन शिरावं आणि आतली भरलेली बंदूक तापून आपोआप उडावी, हा धोका होता.

फिलाडेल्फियात 1721 पासून बंदूक आणि आतषबाजी यांना एकच नियम. गव्हर्नरचा परवाना नसेल तर 5 शिलिंग दंड.

[पडद्यावर: बर्फाळ रस्ता, कंदील, दार ठोठावणारा घोळका]

पण सरकारला खरी डोकेदुखी होती ती नववर्षाची. टोळकी बंदुका घेऊन घरोघर जायची, दारात बार काढायची, यजमान मद्य पाजायचा, की निघाली पुढच्या घरी. चौथ्या-पाचव्या घरापर्यंत नेम कसा राहत असेल, याची कल्पना केलेली बरी. पेनसिल्व्हेनियाने 1774 च्या डिसेंबरात यावर कायदा केला. न्यूयॉर्कने 1786 मध्ये 31 डिसेंबरची संध्याकाळ आणि 1 व 2 जानेवारी हे दिवसच कायद्यात लिहून टाकले. प्रथा मात्र कायद्याने मरत नसतात. फिलाडेल्फियात 1 जानेवारीला नटूनथटून निघणाऱ्या पथकांची मिरवणूक, ममर्स परेड, याच टोळक्यांची वारस. 1901 पासून तिला शहराची मान्यता आहे. बंदुका गेल्या, पण पथकांच्या संघटनेच्या नावात ‘शूटर्स’ हा शब्द राहिला.

[पडद्यावर: वॉशिंग्टन, सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या]

हे जुने कागद 2008 साली पुन्हा उघडले गेले. वॉशिंग्टन शहराने घरात पिस्तूल ठेवण्यावर घातलेली बंदी राज्यघटनेतल्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कात बसते का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला होता. न्यायमूर्ती ब्रेयर म्हणाले, बॉस्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क ही सगळी शहरं तेव्हाही बंदुकीला वेसण घालतच होती. न्यायमूर्ती स्कालिया यांना ते पटलं नाही. 5 शिलिंगांचा दंड म्हणजे आजच्या वाहतुकीच्या दंडासारखा. जीव वाचवायला गोळी झाडणाऱ्याकडून तो कोण वसूल करणार होतं? निकाल 5 विरुद्ध 4, स्कालिया यांच्या बाजूने, आणि बंदी रद्द. मला विचाराल तर दोघांचंही थोडं खरं आहे. हे कायदे बंदूक कुणाकडे असावी हे विचारतच नाहीत, ती कुठे आणि कधी उडते एवढंच विचारतात.

याच न्यायालयाच्या 2022 च्या ब्रुएन खटल्यातल्या निकालाने या कागदांचं वजन आणखी वाढवलं. आजचा शस्त्रनिर्बंध टिकवायचा तर तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारने दाखवायचं. तेव्हापासून वकील तंबाखूच्या दंडाचे कायदेही धुंडाळतात.

[पडद्यावर: रात्रीचं आकाश, दूरवर बारांचे आवाज]

वर गेलेली गोळी खाली येते, हे शाळकरी मुलालाही कळतं. किती वेगाने येते, ते ज्युलियन हॅचर या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने मोजलं. सरळ वर झाडलेली रायफलची गोळी परतताना सेकंदाला सुमारे 300 फूट वेगाने येते. कातडी फोडायला 200 फूटही पुरतात. तिरकी झाडली तर वेग याहून जास्त. 2003 च्या वर्षअखेरीला प्वेर्तो रिकोत अशा गोळ्यांनी 19 जण जखमी झाले, त्यातला एक दगावला.

ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये जून 1999 मध्ये शॅनन नावाची 14 वर्षांची एक मुलगी घरामागच्या अंगणात फोनवर बोलत होती. कुठून तरी आलेली गोळी तिच्या डोक्यात शिरली. तिच्या आईवडिलांनी विधिमंडळाचे उंबरे झिजवले आणि 2000 साली ‘शॅनन्स लॉ’ आला. शहराच्या हद्दीत निष्काळजीपणे गोळी झाडणं आता तिथे गंभीर गुन्हा आहे. मिसूरीत असाच कायदा व्हायला 2024 उजाडलं. ज्या 11 वर्षांच्या मुलीच्या नावाने तो ओळखला जातो, तिला 2011 च्या 4 जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या रात्री गोळी लागली, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली.

टेक्ससमध्ये चित्र वेगळं आहे. शहर वाढत जातं, आसपासची रानं हद्दीत येतात, आणि तिथला शेतकरी विचारतो, काल माझ्या रानात मी बंदूक उडवत होतो, आज का नाही? राज्याने त्याची बाजू घेतली. 1 सप्टेंबर 1981 नंतर हद्दीत आलेल्या भागात, जमीन 50 एकर किंवा जास्त असेल, तर रायफल उडवायला शहर मनाई करू शकत नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीला 10 एकर पुरेत. अटी दोनच : शेजारच्या घरांपासून ठरलेलं अंतर सोडायचं, आणि गोळी आपल्या बांधाबाहेर जाणार नाही अशा बेताने झाडायची.