एका गेमसाठी घेतलेला कन्सोल

मंडळी, कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, कुणी नुसत्या यंत्रासाठी विकत घेतं का? प्रोसेसर कोणता, मेमरी किती, यावर तासन्‌तास वाद घालणारे आपल्यात बरेच आहेत, मीही घालतो. पण प्रत्यक्ष पैसे मोजायची वेळ आली की प्रश्न एकच उरतो: यावर असा कोणता गेम आहे, जो दुसऱ्या कशावरही चालत नाही?

या प्रश्नाची ताकद १९८० साली दिसली. अटारीचा व्हीसीएस कन्सोल १९७७पासून बाजारात होता. मग आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, धुमाकूळ घालणाऱ्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे हक्क अटारीने घरच्या कन्सोलसाठी घेतले आणि व्हीसीएसची विक्री झपाट्याने वाढली. यंत्र तेच होतं. फक्त एक कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली डबी, नवी आली होती.

आता यामागचा हिशेब पाहू. यंत्राच्या विक्रीत कंपन्या अनेकदा तोटा सोसतात. २०२१ साली एपिक ही गेम कंपनी विरुद्ध ॲपल अशा खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी साक्षीत सांगितलं, की एक्सबॉक्स या आपल्या कन्सोलच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. कमाई होते ती विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यावर. म्हणजे माणूस एकदा आत आला पाहिजे. इथे नव्या कंपनीचं घोडं अडतं. खेळणारे नाहीत म्हणून स्टुडिओ गेम बनवत नाहीत, आणि गेम नाहीत म्हणून खेळणारे येत नाहीत. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, वेड गेल्याशिवाय लग्न होईना, असला हा प्रकार.

हा तिढा सोडवायचा तर एखादा गेम स्वतःच्या खिशातून घडवावा लागतो किंवा विकत घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टने तेच केलं. ‘हेलो’ हा गेम १९९९ साली ॲपलच्या व्यासपीठावर दाखवला गेला होता, ओळख करून द्यायला स्वतः स्टीव्ह जॉब्ज उभे होते. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारा बंजी हा स्टुडिओच विकत घेतला, आणि २००१ साली एक्सबॉक्स आला तो ‘हेलो’ घेऊनच. तो नसता, तर सोनीचा प्लेस्टेशन २ समोर असताना त्या काळ्या खोक्याकडे कुणी वळून पाहिलं असतं असं मला वाटत नाही.

कधी मात्र पैशापेक्षा तंत्र निर्णायक ठरतं. ‘फायनल फँटसी’ ही गेमची मालिका सुरुवातीपासून निन्टेन्डो या कन्सोल कंपनीच्या घरची. पण तिचा नवा कन्सोल निन्टेन्डो ६४ कार्ट्रिजवरच अडून राहिला. त्याच्या सर्वांत मोठ्या कार्ट्रिजमध्ये ६४ मेगाबाइट मावत, सीडीवर साधारण दहापट. सातवा भाग १९९७ साली तीन सीडींवर, प्लेस्टेशनसाठी आला. पुढे प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर विकला गेला, निन्टेन्डो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबला. सगळं श्रेय या एका गेमला देता येणार नाही, पण वारं कुठल्या दिशेला वळलंय हे सगळ्यांना दिसलं ते या गेममुळे.

मग एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कन्सोलवर मिळणारे गेम चांगले की वाईट? खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चीड येते. दोन गेमसाठी दोन यंत्रं का घ्यायची? अर्थशास्त्रज्ञ रॉबिन ली यांनी याचा खोलात जाऊन अभ्यास केला. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोच्या गेमक्यूबच्या काळातली अमेरिकेतली आकडेवारी घेऊन त्यांनी मांडणी केली: गेम एकाच कन्सोलपुरता ठेवण्याचे करार नसतेच, तर काय झालं असतं? ग्राहकांचा फायदा झाला असता, हे अपेक्षितच होतं. पण सोबत दुसरंही निघालं. आधीच पुढे असलेला प्लेस्टेशन २ आणखी पुढे गेला असता आणि नवख्यांना पाय रोवणं अवघड झालं असतं. मला यातली ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दुबळ्याच्या हातात ही पद्धत ढाल असते.

बलवानाच्या हातात तिचं कुलूप होतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत निन्टेन्डोचा दबदबा होता. तिच्या कन्सोलसाठी गेम काढणाऱ्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा, आणि तोच गेम दोन वर्षं दुसऱ्या कन्सोलवर न्यायचा नाही, अशी अट होती. ज्याच्याकडे खेळणारे, त्याच्याशी भांडायचं कुणी?

म्हणून २०२३चा ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डचा खटला मी बारकाईने वाचला. मायक्रोसॉफ्ट ६८.७ अब्ज डॉलरला ही गेम कंपनी घेत होती, आणि ते अडवायला अमेरिकी नियामक कोर्टात गेले होते. तिचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा गेम प्लेस्टेशनवरून गेला तर, ही सोनीची भीती. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, कन्सोलमध्ये आम्ही हरलेलो आहोत. कन्सोलचा बाजार पाहिला तर ते दुबळे, कंपनीचा खजिना पाहिला तर बलाढ्य. अखेर ‘कॉल ऑफ ड्यूटी’साठी सोनीशी दहा वर्षांचा करार झाला आणि व्यवहार पार पडला.

नुसत्या गेमने कन्सोल तरतो असंही नाही. ‘मारिओ कार्ट ८’ २०१४ साली निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर आला. उत्तम गेम, तरी वी यू दीड कोटीसुद्धा विकला गेला नाही. तोच गेम थोड्या भरीसह २०१७ साली निन्टेन्डोच्याच पुढच्या कन्सोलवर, स्विचवर आला आणि सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. वी यू नेमका काय आहे हेच लोकांना समजलं नव्हतं. स्विच हातात घेताक्षणी समजत होता.

आता तर हे कुंपण मोडायला लागलंय, कारण खर्च. त्याच खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं, की ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते. एवढा पैसा एकाच यंत्रावरून वसूल करणं कठीण. सोनीचे गेम पीसीवर येऊ लागले आणि २०२४ साली मायक्रोसॉफ्टचा ‘सी ऑफ थीव्ज’ चक्क प्लेस्टेशनवर आला.

पण म्हणून स्पर्धा मोकळी झाली असं मी मानत नाही. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर २०२३ साली म्हणाले होते, की कन्सोलच्या ज्या पिढीत (एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन ४ची) हरायला नको होतं नेमकी तीच पिढी आम्ही हरलो, कारण लोकांनी आपली डिजिटल लायब्ररी तेव्हा उभी केली. माझी स्वतःची लायब्ररी पाहिली की हे पटतं. दहा वर्षांत घेतलेले शेकडो गेम एका खात्यात आहेत. उद्या कुणी कितीही सुंदर गेम घेऊन नवा कन्सोल आणला, तरी माझे गेम तिकडे येणार नाहीत. कंपनीच्या लायब्ररीपेक्षा माझ्याच लायब्ररीने मला जास्त घट्ट बांधलंय.

फोनची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, हे अनेक देशांनी कायद्याने घडवून आणलं. विकत घेतलेल्या गेमबाबत हा प्रश्न नियामकांनी ‘कॉल ऑफ ड्यूटी’इतक्याच जोराने विचारायला हवा होता. आज त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण म्हणजे २०१६पासूनची ‘एक्सबॉक्स प्ले एनीव्हेअर’ योजना: त्यातला गेम एकदा घ्या, कन्सोलवर आणि विंडोजच्या पीसीवर खेळा. दोन्हीकडे दुकान मात्र मायक्रोसॉफ्टचंच.