मीऑन हिलवरचा खून, आणि मागून आलेलं चेटूक

खेड्यातल्या खुनाच्या इंग्रजी गोष्टी आपण सगळ्यांनीच वाचल्यात. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणूनच खुनी सापडतो. आजची हकिकत खरी आहे. तिच्यातही सगळे सगळ्यांना ओळखत होते, आणि खुनी आजवर सापडलेला नाही.

गाव लोअर क्विंटन, परगणा वॉरिकशायर, तारीख 14 फेब्रुवारी 1945. चार्ल्स वॉल्टन, वय 74, संधिवाताने वाकलेला शेतमजूर, मीऑन हिलच्या उतारावर झुडपांचं कुंपण छाटायला गेला. संध्याकाळी पुतणी कामावरून परतली तर काका घरी नाहीत. शेजाऱ्याला घेऊन ती शेतमालक अल्फ्रेड पॉटरकडे गेली आणि तिघं शोधायला निघाले. म्हातारा कुंपणापाशीच पडला होता. त्याच्याच काठीने मारलेला, त्याच्याच कोयत्याने गळा चिरलेला, आणि त्याच्याच दाताळ्याचे दाते मानेच्या दोन्ही बाजूंनी जमिनीत रुतवलेले.

लंडन पोलिसांच्या स्कॉटलंड यार्डने तपासासाठी रॉबर्ट फेबियन या अधिकाऱ्याला पाठवलं. जवळच इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती, तेव्हा पहिला संशय त्यांच्यावर. एकाच्या कोटावर रक्त सापडलं. ते निघालं चोरून मारलेल्या सशाचं. म्हाताऱ्याचं घड्याळ गायब होतं, ते शोधायला लष्कराची सुरुंगशोधक यंत्रं आली, वरून विमानातून फोटो काढले गेले. तोंड मात्र कुणी उघडेना.

आता चेटकाकडे येऊ, कारण तुमच्यापैकी बरेचजण त्याच्यासाठीच आला असाल! त्याच परगण्यातल्या लाँग कॉम्प्टनमध्ये 1875 साली एका माणसाने ॲन टेनंट या म्हातारीला चेटकीण समजून दाताळ्याने मारलं होतं. जुन्या लोककथांच्या एका पुस्तकात भुताचा काळा कुत्रा दिसलेला एक नांगऱ्या पोरगाही होता, आणि योगायोगाने त्याचं नाव चार्ल्स वॉल्टन. एवढं मिळाल्यावर वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? पुढे छातीवर क्रूस कोरलेला होता, असंही छापून येऊ लागलं. शवविच्छेदनाच्या अहवालात तसं काही नाही. खुद्द फेबियनने निवृत्तीनंतरच्या पुस्तकांत या गूढाला चांगलं खतपाणी घातलं. पण त्याने खात्याला दिलेला अहवाल बघा. त्यात चेटूक नाही, पॉटर आहे.

पॉटरच्या जबाबात वेळा इकडच्या तिकडे होत होत्या. दाताळ्याच्या दांड्याला आपण हात लावला होता, हे त्याने बोटांच्या ठशांचा विषय निघाल्यावर सांगितलं. म्हाताऱ्याचे पैसे त्याच्याकडे अडकले होते का, अशीही कुजबुज होती. पण कारण सिद्ध झालं नाही, पुरावा मिळाला नाही, खटला उभा राहिला नाही. मृत्यूच्या चौकशीत निर्णय आला: अज्ञात व्यक्तीकडून खून.

गावाच्या गप्प बसण्याला लोक चेटकाची भीती म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याच्या शेतावर आपल्याला उद्या रोजगार लागणार, त्याच्याविषयी लंडनहून आलेल्या साहेबाला कोण काय सांगेल? साहेब काही आठवड्यांत परत जाणार, शेतमालक तिथेच राहणार. शिवाय ठोस काही कुणालाच माहीत नसेल, ही शक्यताही आहेच. गप्प माणसाकडे गुपित असतंच असं नाही.

घड्याळ 1960 साली सापडलं, वॉल्टनच्या जुन्या घराच्या परसात. ते तिथे कसं आलं, याचा खुलासा झाला नाही. पॉटरही पुढे वारला. त्याच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नव्हता.